चौसष्ट घरांची संख्या

बुद्धिबळाच्या शोधकर्त्याने राजापाशी पटाच्या पहिल्या घरासाठी एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, याप्रमाणे चौसष्टाव्या घरापर्यंत दुपटीदुपटीने धान्य मागितले, राजाने ती मागणी क्षुल्लक समजून हसत मंजूर केली आणि मग दरबारच्या हिशेबनिसांनी आकडेमोड करून राज्यातील सारी कोठारे रिती केली तरी भागणार नाही असा जबाब सादर केला, ही कथा आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने या शोधकर्त्याचे नाव सिस्सा असे दिले असून त्याचा राजा हिंदुस्थानचाच होता. कथेचा सारा रोख राजाच्या फजितीवर असल्यामुळे सांगणारा मनुष्य दाण्यांच्या एकूण बेरजेपाशी आला, की ती संख्या एका दमात म्हणून दाखवतो, श्रोते माना डोलावतात आणि गोष्ट संपते. ती संख्या अशी : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. राजा आणि सिस्सा या दोघांना क्षणभर बाजूस सारून या वीस अंकी संख्येचीच थोडी चौकशी करावी असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. कारण तिचे मोठेपण, ज्याच्यासाठी ती सर्वत्र विख्यात आहे, तो तिच्या अंगच्या गुणांपैकी सर्वांत सामान्य गुण होय.

तरीपण मोठेपणाचा हिशेब आधी चुकता केलेला बरा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दशमान स्थानांची जी नावे सांगितली आहेत ती एकं-दहंपासून निघून कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म असे चढत चढत अठराव्या स्थानी ‘परार्ध’ या नावापाशी थांबतात. आपली संख्या वीस स्थानांची असल्यामुळे ही सारी नामावळी संपल्यावरही तिची दोन स्थाने शिल्लक राहतात, आणि ‘१८४ परार्ध व वर काही’ असेच तिचे वर्णन करावे लागते. एका ग्रॅमला तांदळाचे सुमारे चाळीस दाणे धरले, तर सिस्साच्या तांदळाचे वजन ४६,००० कोटी टनांच्या घरात जाते. आज साऱ्या जगात वर्षाकाठी पन्नास कोटी टनांच्या आसपास तांदूळ तयार होतो, म्हणजे आजच्या शेतीच्या बळावरदेखील, एकाही मनुष्याने एक घास न खाता, हे देणे फेडण्यास सुमारे नऊशे वर्षे लागतील. यातील निम्मा भार एकट्या शेवटच्या घराचा आहे, कारण दुपटीच्या श्रेढीत प्रत्येक घरातील दाणे हे मागील सर्व घरांच्या बेरजेहून नेमके एकाने अधिक असतात. आणि म्हणूनच सर्व घरांची बेरीज करण्यासाठी चौसष्ट रकमा मांडून बसण्याची मुळीच गरज नसते, पासष्टावे घर असते तर त्यात किती दाणे पडले असते एवढे काढून त्यातून एक वजा केला की काम भागते. पासष्टाव्या घराचे दाणे म्हणजे २ चा ६४ वा घात, आणि आपली संख्या म्हणजे त्याहून एकाने उणी.

आता २ चा ६४ वा घात काढावयाचा कसा? दोनाने चौसष्ट वेळा गुणीत सुटणे हा एक मार्ग झाला, पण तो हमालीचा मार्ग आहे. भास्कराचार्यांनी, आणि त्यांच्याही पुष्कळ आधी छंदःशास्त्राच्या संदर्भात पिंगलाने, जी युक्ती सांगितली तिचे तात्पर्य असे : घातांक सम असेल तर त्याची निमपट करावी आणि बाजूस ‘वर्ग’ असे लिहून ठेवावे, विषम असेल तर त्यातून एक वजा करून ‘गुण’ असे लिहावे, आणि याप्रमाणे शून्यापर्यंत उतरल्यावर लिहिलेली टिपणे उलट क्रमाने अमलात आणावीत. भूमितिश्रेढीच्या प्रकरणात त्यांनी घातलेला हिशेब या रीतीचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. एका दात्याने याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे दररोज दुप्पट देण्याचे ठरवले, तर महिन्याभरात किती निष्क दिले गेले? तीस हा सम, म्हणून वर्ग, पंधरा राहिले. पंधरा विषम, म्हणून गुण, चौदा राहिले. असे खाली उतरून पुन्हा वर चढले म्हणजे २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि अखेरीस १,०७,३७,४१,८२४ हाती लागतात. त्यांतून एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणले, की उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. पण आचार्यांचा हिशेब कवड्यांवर थांबत नाही. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क या तत्कालीन कोष्टकाने तो १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या इतका तपशीलवार फोडून दिलेला आहे. लाखाच्या वर निष्क दिल्यानंतर उरलेल्या सहा कवड्यांचीही नोंद न चुकवणारी ही शिस्त एखाद्या जुन्या फडणिशी दफ्तरात शोभून दिसेल. (चाळीसगावाजवळच्या पाटण गावी जो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, त्यात या आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची आणि त्या मठास देणग्या मिळाल्याची नोंद आहे. गणिताच्या ग्रंथांसाठी देणग्या लावून देणारे राज्यकर्ते खानदेशात होऊन गेले, ही गोष्ट आपण वारंवार आठवत नाही याचे मला नवल वाटते.)

ही रीत चौसष्टास लावली तर ती विलक्षण सोपी होते, कारण चौसष्टाची निमपट करीत गेले असता बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन असे सलग सम अंकच मिळून अखेरीस एक उरतो आणि टिपणात शेवटच्या एका ‘गुणा’खेरीज केवळ ‘वर्ग’ हा एकच शब्द सहा वेळा लिहिला जातो. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग केला की पासष्टाव्या घराची संख्या पुढ्यात. चौसष्ट घरांचा प्रवास सहा पावलांत. इसवी सन १००० च्या सुमारास अल्-बिरूनीने प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवरील आपल्या ग्रंथात बुद्धिबळाच्या दाण्यांची ही बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बिनचूक दिली आहे, आणि तीही वर्गामागून वर्ग करण्याच्या अशाच वाटेने.

येथवर संख्या कशी घडते हे झाले. परंतु ज्या सहा पावलांनी ती घडली त्याच सहा पावलांनी ती उलगडतेही, आणि माझ्या मते तिचे खरे सौंदर्य येथून सुरू होते. कोणत्याही वर्गातून एक वजा केला तर जे उरते ते त्या वर्गमुळाहून एकाने उणी आणि एकाने अधिक अशा दोन संख्यांच्या गुणाकाराएवढे असते, हे शाळेतील बीजगणिताचे अगदी पहिल्या धड्यातील सूत्र आहे. आपली संख्या ४,२९,४९,६७,२९६ च्या वर्गाहून एकाने उणी. तेव्हा ती ४,२९,४९,६७,२९७ आणि ४,२९,४९,६७,२९५ यांचा गुणाकार. यांतील दुसरी संख्या पुन्हा ६५,५३६ च्या वर्गाहून एकाने उणी, म्हणून ती ६५,५३७ आणि ६५,५३५ यांचा गुणाकार. ६५,५३५ म्हणजे २५७ गुणिले २५५. २५५ म्हणजे १७ गुणिले १५. आणि १५ म्हणजे ५ गुणिले ३. अशा रीतीने एकाही भागाकाराची खटपट न करता, केवळ सूत्राच्या आधाराने, ही वीस अंकी संख्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ या सहा संख्यांचा गुणाकार असल्याचे सिद्ध होते. एरवी वीस अंकी संख्येचे अवयव पाडणे म्हणजे कागद आणि पेन्सिल घेऊन बसलेल्या मनुष्याला महिनोन्महिने जेरीस आणणारे काम.

या सहा जणांपैकी पहिले पाच मूळ संख्या आहेत, म्हणजे एक आणि स्वतः यांवाचून त्यांस दुसरा भाजक नाही. सहावाही तसाच असावा असे वाटणे स्वाभाविक होते, आणि १६४० साली पिएर द फर्मा याला तसेच वाटले. हा तुलूझचा न्यायाधिकारी न्यायदानाच्या नोकरीतून उरलेल्या वेळात गणित करीत असे आणि पुष्कळदा आपले सिद्धांत सिद्धतेवाचून पत्रांतून मित्रांना कळवीत असे. दोनाचा पुनःपुन्हा वर्ग करीत जाऊन प्रत्येक टप्प्यावर एक मिळवला असता जी संख्या येते ती नेहमी मूळच असणार, असे त्याने कळवले. सिद्धता मात्र आपणापाशी नाही हेही त्याने प्रांजळपणे सांगितले. पहिल्या पाचांचा दाखला त्याच्या बाजूने रुजू होता आणि सहाव्याची रुजुवात घेण्यास कोणी धजत नव्हते, कारण ४,२९,४९,६७,२९७ ला आंधळेपणाने भागून पाहावयाचे तर ६५,५३६ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या, म्हणजे सहा हजारांहून अधिक भाजक, वापरून पाहावे लागतात.

हे प्रकरण जवळजवळ शंभर वर्षे तसेच पडून राहिले. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्ग येथील तरुण लेओनार्ड ऑयलर याचे लक्ष या विधानाकडे वेधले, आणि १७३२ साली, वयाच्या पंचविशीत, ऑयलरने ही संख्या ६४१ ने निःशेष भागली जाते असे जाहीर केले. भागाकार ६७,००,४१७ येतो. सहाशे एकेचाळीस ही काही दूर दडलेली संख्या नव्हे. ती लहान मूळ संख्यांच्या पंक्तीत बसणारी, तीन अंकी संख्या. फर्मासारख्या माणसाच्या दृष्टीतून ती निसटावी याचे आश्चर्य वाटते, आणि पुढची हकीकत कळल्यावर ते आश्चर्य अधिकच वाढते. कारण भाजक कोठे शोधावा याचे दिग्दर्शन खुद्द फर्माच्याच एका सिद्धांतात होते.

समजा, एखादी मूळ संख्या ४,२९,४९,६७,२९७ ला, म्हणजे २ च्या ३२ व्या घातात एक मिळवून येणाऱ्या संख्येला, निःशेष भागते. तर त्या मूळ संख्येने २ च्या ३२ व्या घाताला भागले असता बाकी ‘उणे एक’ राहील आणि तिचा वर्ग होऊन २ च्या ६४ व्या घाताची बाकी ‘अधिक एक’ होईल. दोनाचे घात एकामागून एक घेत गेले असता बाकी एक येण्याचा पहिला प्रसंग याचा अर्थ नेमका चौसष्टाव्या घाताशीच येतो, आणि त्यानंतर दर चौसष्टांनी तो पुन्हा येत राहतो. आता फर्माचा सुप्रसिद्ध सिद्धांत असा, की दोनाचा घातांक त्या मूळ संख्येहून एकाने उणा असेल तर बाकी एक येतेच. म्हणजे मूळ संख्येतून एक वजा केला तर उरलेल्याला चौसष्टाने भाग गेलाच पाहिजे. तेव्हा सहा हजार भाजकांचा सारा बाजार उठून ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ एवढीच यादी पुढे राहते, आणि यांतील संयुक्त संख्या गाळल्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ हे पाचच उमेदवार उरतात. पाचवा भागाकार करताच दार उघडते! पुढे १८७८ मध्ये एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने चौसष्टाच्या जागी एकशे अठ्ठावीस चालतो असे दाखवले, तेव्हा ही यादी आणखी आखडून २५७ आणि ६४१ या दोहोंवर आली. त्यांतील २५७ तर आपल्याच सहा जणांपैकी एक असून या कुटुंबातील कोणत्याही दोघांना समान भाजक असत नाही, म्हणून तोही बाद. पहिलाच ग्राह्य उमेदवार ६४१.

भागाकारदेखील न करता ६४१ ची परीक्षा घेण्याची एक सुंदर युक्ती पाठ्यपुस्तकांतून देतात, तीही येथे नमूद करतो. ६४० ला ६४१ ने भागले तर बाकी उणे एक, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी अधिक एक. पण ६४० म्हणजे पाच गुणिले १२८, त्यामुळे त्याचा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ हे ६४१ हून सोळाने उणे, तेव्हा ६२५ च्या जागी उणे सोळा घातले तरी बाकीत फरक पडत नाही. आणि सोळा गुणिले २ चा २८ वा घात म्हणजेच २ चा ३२ वा घात. म्हणजे ‘उणे २ चा ३२ वा घात’ याची बाकी एक, आणि म्हणून त्या घातात एक मिळवला की बाकी शून्य. चार ओळींत प्रकरण निकालात निघते. असे पुरावे वाचताना मला मूळ शोधकाविषयी वाटणारा आदर किंचितही कमी होत नाही. वाट सापडल्यावर ती सरळ करून देणारे पुष्कळ असतात.

६७,००,४१७ ही संख्या मूळच आहे, तेव्हा सिस्साच्या दाण्यांचे अंतिम पृथक्करण असे : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात भिन्न मूळ संख्यांचा गुणाकार, प्रत्येकीचा वापर एकेकदाच. सातांपैकी प्रत्येक घ्यावी किंवा वगळावी असे दोन पर्याय असल्यामुळे एकंदर भाजकांची संख्या २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ होते. हीदेखील दुपटीच्या माळेतीलच एक संख्या निघावी हा योगायोग मला रंजक वाटतो. या दाण्यांची तीन, पाच, पंधरा, सतरा किंवा सहाशे एकेचाळीस वारसांत बिनतक्रार समान वाटणी होईल. सात वारस असतील तर मात्र एक दाणा फाजील उरून तंटा उभा राहील. कोणत्याही विषम मूळ संख्येबाबत नियम असा, की दोनाच्या घातांत बाकी एक येण्याचा पहिला प्रसंग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या, बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या घाताशी येत असेल तरच ती या दाण्यांना भागते. साताच्या बाबतीत तो तिसऱ्या घाताशी येतो, आणि चौसष्टास तिहींनी भाग जात नाही. सातांचा दावा तेथेच फेटाळला जातो.

पटाच्या घरांची संख्या बदलली तर काय होते हे पाहिल्यावाचून या समृद्धीची किंमत कळत नाही. पट एकसष्ट घरांचा असता तर दाण्यांची बेरीज २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१ झाली असती, आणि ही अवाढव्य संख्या चक्क मूळ आहे! तिची वाटणी कोणातही होत नाही, एकट्या सिस्सालाच सारी रास उचलावी लागली असती. १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मोपदेशकाने हे सिद्ध केले. उलट चौसष्टांत तीन घरे वाढवून पट सदुसष्ट घरांचा केला, तर त्याच्या बेरजेला फ्रेंच संन्यासी मेर्सेन याने १६४४ मध्ये मूळ संख्यांच्या यादीत स्थान दिले होते, आणि एकसष्टला मात्र त्याच यादीतून वगळले होते. दोन्ही नोंदी चुकीच्या. लुकासने १८७६ मध्ये सदुसष्टची संख्या संयुक्त असल्याचे दाखवले, परंतु त्याची रीत अशी की ‘ही संख्या फुटते’ एवढे कळे, कोठे फुटते ते कळत नसे. अखेर १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल व्यासपीठावर गेला, एक अक्षरही न बोलता त्याने फळ्याच्या एका बाजूस २ चा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला, दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळल्याचे दाखवले आणि तो खाली येऊन बसला. या शोधासाठी त्याचे तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले होते असे सांगतात. एकसष्ट, चौसष्ट आणि सदुसष्ट हे अंक इतके शेजारचे. पण एकाच्या बेरजेला एकही भेग नाही, दुसरीचे सूत्राने सहा तुकडे पडतात आणि तिसरीचे दोन तुकडे काढावयास तीन वर्षे लागतात.

सहा तुकड्यांपैकी पहिल्या पाचांची कीर्ती भूमितीतही आहे, तिचा उल्लेख येथे ओझरता करतो. १७९६ मध्ये, एकोणीस वर्षांचाही न झालेल्या गाउसने केवळ पट्टी आणि कंपास यांच्या साह्याने सुसम सप्तदशभुज काढता येतो असे दाखवले. ही गोष्ट युक्लिडापासून दोन हजार वर्षे कोणाच्या कल्पनेतही आली नव्हती. विषम बाजूंच्या कोणत्या सुसम बहुभुजाकृती अशा काढता येतात, याचे उत्तर असे ठरले, की बाजूंची संख्या फर्माच्या या मूळ संख्यांपैकी एक किंवा अनेक भिन्न संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांवाचून सहावी अशी मूळ संख्या आजतागायत सापडलेली नाही, तेव्हा आज ठाऊक असलेली, विषम बाजूंची सर्वांत मोठी रेखनीय आकृती ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आहे. पटाच्या अर्ध्या भागावरील, म्हणजे पहिल्या बत्तीस घरांतील, दाण्यांची बेरीज नेमकी इतकीच असते.

लुकासचे नाव वर दोनदा आले, आणि आपल्या संख्येशी त्याचे आणखी एक, अधिक गमतीचे नाते आहे. १८८३ मध्ये त्याने ‘हॅनोईचा मनोरा’ नावाचा एक खेळ टोपणनावाने विक्रीस काढला. तीन खुंट्या, एकीवर खालून वर लहान होत गेलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवावयाची, लहानीवर मोठी ठेवावयाची नाही, आणि सारा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यावयाचा. या खेळाबरोबर एक आख्यायिकाही प्रसृत झाली, की काशीच्या देवालयात ब्रह्मदेवाने सृष्टीच्या आरंभी हिऱ्याच्या तीन सुया रोवून त्यांपैकी एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या ठेवल्या असून तेथील पुजारी अहोरात्र त्या हलवीत आहेत, आणि मनोरा पूर्ण होईल त्या क्षणी जगाचा प्रलय होणार आहे. काशीची यात्रा करून आलेल्या आपल्या पूर्वजांनी पंड्यांच्या दक्षिणेविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे, पण या चकत्या कोणास दिसल्याचे माझ्या वाचनात नाही. कथा उघडच पॅरिसमध्ये जन्मली. गणित मात्र पक्के आहे. सर्वांत मोठी चकती एकदा हलते, तिच्यावरची दोनदा, त्यावरची चार वेळा, म्हणजे पटावरील घराघरांतील दाणे आणि मनोऱ्यातील चकत्यांच्या हालचाली एकास एक जुळतात आणि एकंदर हालचाली आपल्याच संख्येइतक्या होतात. सेकंदास एक हालचाल धरली तर सुमारे ५८,४५५ कोटी वर्षे लागतील. खगोलशास्त्रज्ञ विश्वाचे आजचे वय १,३८० कोटी वर्षे सांगतात, त्यामानाने हा काळ भयंकर वाटतो. परंतु आपल्या पुराणांतील मापाने ब्रह्मदेवाची एक अहोरात्र ८६४ कोटी मानवी वर्षांची, तेव्हा ज्याने हे काम नेमून दिले त्याच्या पंचांगाप्रमाणे ते जेमतेम सवादोन महिन्यांत उरकते. ब्रह्मदेवाचे आयुष्य शंभर वर्षांचे. सवादोन महिन्यांत त्याला प्रलय करावयाचा असेल तर आपली कालगणनाच मोडीत काढावी लागेल, याचा विचार त्या फ्रेंच कथाकाराने केलेला दिसत नाही.

आज ही संख्या कोणत्याही कथेवाचून आपल्या खिशात वावरते. गणकयंत्रे द्विमान पद्धतीने, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांनी, संख्या लिहितात. त्या लिपीत आपली संख्या म्हणजे ओळीने मांडलेले चौसष्ट एके, आणि चौसष्ट स्थानांच्या खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या तीच. जुन्या यंत्रांत बत्तीस स्थानांचा खण असे, आणि त्यातील एक स्थान धन-ऋण चिन्हासाठी राखून ठेवले म्हणजे मोठ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ इतकीच उरे. वाचकांनी ही संख्या भास्कराचार्यांच्या कवड्यांशी ताडून पाहावी. त्या दात्याने महिनाअखेर आणखी एकच कवडी टाकली असती तर बरोबर ही भरती झाली असती. ज्या यंत्रांनी १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद अशा खणात मोजण्याचा शिरस्ता ठेवला आहे, त्यांचा खण १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. चौसष्ट स्थानांचा खण केला की ही चिंता मिटते. २,१४,७४,८३,६४७ हीही मूळ संख्या आहे, आणि ते १७७२ मध्ये सिद्ध करणारा गणिती पुन्हा ऑयलरच होता. तेव्हा तो दृष्टिहीन झालेला होता.

शेवटी सिस्साने मागणीत एक-दोन दाण्यांचा फेरफार केला असता तर काय झाले असते, ते पाहू. एक दाणा वाढवला तर बेरीज शुद्ध २ चा ६४ वा घात होते. सातही भिन्न मूळ अवयव एकदम नाहीसे होऊन दोन हा एकच अवयव चौसष्ट वेळा उरतो, आणि भाजक १२८ वरून ६५ वर येतात. दोन दाणे वाढवले तर मात्र १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७ ही फर्माच्या माळेतील पुढची संख्या समोर येते, आणि तिच्यापुढे वर्गाचे सूत्र हात टेकते. ती २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ यांचा गुणाकार असल्याचे वयाची ऐंशी ओलांडलेल्या फॉर्च्युने लांद्री याने १८८० मध्ये शोधून काढले, व पुष्कळ वर्षे या शोधाचे श्रेय त्याच्याच नावे जमा होते. पुढे गाउसच्या दफ्तरातील एक पत्र प्रकाशात आले. ते थॉमस क्लाउझेन याने १८५५ च्या पहिल्याच दिवशी गाउसला लिहिलेले होते, त्यात हेच दोन अवयव दिलेले होते, आणि यांतील मोठा अवयव ही आजवर ज्ञात झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या होय असा शेराही त्याने मारला होता. पत्र पोहोचले तेव्हा गाउस अखेरच्या दुखण्यात होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तो वारला.